थोरली उरली की धाकटी

१

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. पावसाळा उलटून गेला होता, श्रीवर्धनच्या वाड्यांमधून सुपारी उतरायला लागली होती, आणि आळीतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी कादंबऱ्यांवरून भांडणं होत होती.

भांडणं प्रेमाचीच. तीन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर मोठं वादळ आलं त्या वर्षी गावात कितीतरी दिवस वीज नव्हती, टीव्ही मुका, फोन मेलेले. तेव्हा निवृत्त मुख्याध्यापक दत्तात्रेय मास्तरांनी चार माणसं गोळा करून हा कट्टा सुरू केला, आणि वीज आल्यावरही तो मोडला नाही. नियम मास्तरांचेच. एका वेळी एकच पुस्तक, एकच प्रत, ती आळीपाळीने सगळ्यांच्या घरी जाणार. सगळ्यांचं वाचून होईतो कुणी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मग ठरलेल्या गुरुवारी पुस्तक मधल्या पाटावर ठेवायचं आणि ते न उघडता मत सांगायचं. मनात उरलं तेवढंच वाचलं, बाकी नुसती पानं उलटली, असं मास्तरांचं म्हणणं. शेवटचा नियम सर्वांत कडक होता. पुस्तकाची नासाडी करणाऱ्याला कट्टा बंद. पानाचा कोपरा दुमडला म्हणून एका गृहस्थांना त्यांनी असं काही सुनावलं होतं की ते पुन्हा त्या आळीतून गेले नाहीत.

सगुणाबाई या कट्ट्यावर पहिल्या दिवसापासून होत्या. त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. ट्रंक कॉलच्या काळात मुंबईहून कुणाचं बाळंतपण, कुणाचं मरण, कुणाची नोकरी, सगळं आधी त्यांच्या कानांवरून जायचं. "हॅलो" एवढ्यावरून माणूस गावातल्या कोणत्या पाखाडीतला ते त्या सांगायच्या. आता गुडघे बोलत होते, डोळ्यांना भिंग लागत होतं. पण कोण काय म्हणालं हे त्यांच्या डोक्यात अजून जसंच्या तसं राहायचं.

त्या गुरुवारी पाटावर होती 'कांदळवनातल्या बहिणी'. जुनी, आता दुकानात न मिळणारी कादंबरी. मास्तरांनी आपल्या कपाटातली प्रत वाचनालयाला दिली होती. खाडीकाठच्या घरात राहणाऱ्या दोन बहिणींची ही गोष्ट. एक प्रकरण थोरली सांगते, एक धाकटी, आणि प्रकरणाच्या डोक्यावर जिचं तिचं नाव. मग एके दिवशी होडी उलटते. शेवटच्या प्रकरणावर नाव नाही. उरलेली बहीण बोलते. दुसरीचं प्रेत कांदळवनाच्या मुळांत अडकलेलं सापडतं, ते ती कसं ओळखते, पाणी कसं सोडते, सगळं सांगते. पण उरलेली कोणती, हे लेखकाने सांगितलेलं नाही.

झालं, वाद पेटला. वाचनालय सांभाळणारी सुचिता म्हणाली, धाकटी उरली असावी. बोलण्यात तिचाच अल्लडपणा आहे. सुपारीच्या वाडीवाले दिनानाथ म्हणाले, छे, थोरली, पण ठामपणे सांगता येत नाही. सगुणाबाईंनी तर त्या प्रकरणाची दोन पारायणं केली होती आणि दोन्ही वेळा वेगळी बहीण उरली होती. दिवेआगरहून धावतपळत आलेल्या अमिषाला मात्र या वादाचंच नवल वाटलं. ती तिथे पर्यटकांसाठी घरगुती निवास चालवायची. पाहुण्यांचे मोदक वळता वळता कानात फोनचं यंत्र घालून ती कादंबऱ्या ऐकायची. थोरलीच ना, मला तर शंकाच आली नाही, म्हणाली.

तेव्हा कोपऱ्यातून नीराबाई बोलल्या. जीवना बंदरावर मासळी विकणाऱ्या कोळीण. मुलं मोठी झाल्यावर मास्तरांच्या आग्रहावरून सुचिताकडे बसून अक्षरं शिकल्या, आणि आता कट्ट्यावरचं कुठलंच पुस्तक सोडत नव्हत्या.

"थोरलीच उरली. त्यात भांडायचं काय हाय? सगला तीच तं सांगते."

मास्तरांनी चष्मा काढला. "नीराबाई, तुम्ही कधी ऐकलंत हे?" असं काहीसं हळूच म्हणाले, पण दिनानाथांच्या आवाजात ते बुडालं. दिनानाथ म्हणत होते, आता नियम मोडायचाच, शेवटचं पान काढून बघायचंच. मास्तर नको नको म्हणत असताना त्यांनी पाटावरचं पुस्तक उचललं, मागून उघडलं, आणि पानं पुढेमागे करत राहिले.

शेवटचं प्रकरण पुस्तकात नव्हतंच.

२

पानं पडली नव्हती, कापली होती. पट्टी ठेवून धारदार पात्याने कापावीत तशी.

मग दिनानाथांनी मोठ्याने हिशेब मांडला. त्यांच्या मनात कुणाचं वाईट नव्हतं. पण वादळात त्यांच्या माडीचं छप्पर उडालं होतं आणि वडिलांची सगळी पुस्तकं भिजून लगदा झाली होती, तेव्हापासून पुस्तकाला इजा झालेली त्यांना सोसत नसे. आपण सगळेच शेवटावर बोललो, म्हणाले. म्हणजे सगळ्यांनी तो वाचला. आधी मास्तर, मग सुचिता, मी, सगुणाबाई, अमिषा आणि शेवटी नीराबाई. शेवटच्या माणसालाही तो वाचायला मिळाला, तर त्यानंतर पुस्तक कुणाच्या हातात होतं?

सगळ्यांच्या नजरा नीराबाईंकडे वळल्या. त्यांनी मान खाली घातली. नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. कट्ट्यावर त्या एकट्याच कोळीवाड्यातल्या. बंदरावरच्या बायका त्यांना "मास्तरीण" म्हणून चिडवायच्या. पुस्तक टोपलीत, मासळीचा वास लागू नये म्हणून दोन पिशव्यांत गुंडाळून त्या न्यायच्या, हे सुचिताने अनेकदा पाहिलं होतं.

मास्तर म्हणाले, जाऊ द्या, जुनं पुस्तक होतं, मीच दिलेलं होतं, विषय संपला. दिनानाथ ऐकेनात. नियम तुमचाच, मास्तर. दुसऱ्या कुणी कापलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं का? शेवटी ठरलं की पुढच्या गुरुवारी सोक्षमोक्ष लावायचा.

नीराबाई उठल्या, पदर खोचला. "सोक्षमोक्ष कशाला, मीच न्हाय येत आता," म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

सुचिता रडवेली झाली. तिने सगुणाबाईंना दारात गाठलं. नीराबाई पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचून हसल्या होत्या ते तिला आठवत होतं. आता त्या गेल्या तर पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाहीत, आणि बंदरावर गोष्ट होईल की कोळणीला कट्ट्यातून हाकललं.

"काकू, त्यांनी केलेलं नाही. पण मग त्या गप्प का बसल्या?"

सगुणाबाईही तोच विचार करत होत्या. कापलेलं पुस्तक मला घरी न्यायचंय, एवढंच त्या म्हणाल्या.

३

घरी ओटीवर बसून त्यांनी भिंगातून ती कापलेली जागा पाहिली. शिवण जिथल्या तिथे होती. कापणाऱ्याने पानं मुळापासून काढली नव्हती. शिवणीलगत बोटभर रुंदीची कागदाची पट्टी मुद्दाम सोडली होती. सगुणाबाईंना एक्स्चेंजमधला बायंडर आठवला. डिरेक्टरीचं पान बदलायचं झालं की तो अशीच पट्टी राखायचा आणि तिच्यावर नवं पान खळीने चिकटवायचा. ज्याला पान नको असतं तो ते ओढून काढतो. ज्याला ते पुन्हा जोडायचं असतं तोच असली पट्टी ठेवतो.

दुसऱ्या दिवशी त्या दिनानाथांच्या वाडीत गेल्या. बागेत नव्या पोफळी कंबरेएवढ्या झाल्या होत्या. दिनानाथ गड्यांवर ओरडत होते. सगुणाबाईंना पाहून मवाळ झाले आणि कोकम सरबत मागवलं. त्यांनी कागदावर वाचलं होतं यात शंका नव्हती. शेवटच्या प्रकरणात खेकड्यांचं एक वर्णन होतं ते त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं आणि त्यावर ते दहा मिनिटं बोलले. ऐकायच्या पुस्तकांना त्यांनी नावं ठेवली. पुस्तक डोळ्यांनी वाचायचं, कानाने आरती ऐकायची. मग जरा थांबून म्हणाले, नीराबाईंचं नाव मी घ्यायला नको होतं का हो? पण मग घ्यायचं कुणाचं?

अमिषाला गाठायला दिवेआगरला जावं लागलं. अमिषा कढीपत्ता खुडत होती. सगुणाबाईंनी विचारताच तिने कबूल करून टाकलं.

"काकू, खरं सांगू? मी ते पुस्तक उघडलंच नाही. पाहुण्यांच्या खोलीत टेबलावर पडून होतं. मी फोनवरच ऐकलं सगळं. मास्तरांना नका सांगू, ते मला झाडूने मारतील."

म्हणजे पाहुण्यांपैकी कुणी कापलं असेल? अमिषाला तसं वाटत होतं. एक पुण्याचे गृहस्थ सारखे लिहीत बसायचे, त्यांच्यावर तिचा संशय होता. पण रात्रीपुरता आलेला पाहुणा पट्टी राखून पानं का कापेल? सगुणाबाईंना ते पटलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच काही घोळत होतं. शेवटाबद्दल ज्यांना शंका आली ते सगळे कागदावर वाचणारे. जिला शंका आली नाही ती अमिषा, ऐकणारी.

"मला ऐकव ते शेवटचं प्रकरण," त्या म्हणाल्या.

अमिषाने फोन मोदकपात्राला टेकवून ठेवला. दोन बहिणींची प्रकरणं दोन वेगळ्या बायकांनी वाचली होती. थोरलीचा आवाज जाडसर, धाकटीचा पातळ. अमिषाने शेवटचं प्रकरण लावलं. पहिल्याच वाक्याला सगुणाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

आवाज थोरलीचा होता. कागदावर जे सांगितलेलं नव्हतं ते आवाजाने सांगून टाकलं होतं. ऐकणाऱ्याला शंका येणारच कशी?

आणि कट्ट्यावर शंका न आलेली दुसरी बाई कोण होती, हे आठवून सगुणाबाईंनी ताबडतोब रिक्षा बोलवायला सांगितली.

४

जीवना बंदरावर बोंबील वाळत घातले होते. नीराबाईंचा नवरा गुणाजी जाळं शिवत बसला होता. वर्तमानपत्राचा एक तुकडा टरकन फाडून त्यात त्याने तंबाखू बांधली, कनवटीला लावली आणि बायको मागल्या दारी आहे म्हणून खूण केली.

नीराबाई सुकट निवडत होत्या. सगुणाबाईंना त्यांनी पाट दिला, पाणी दिलं, पण कट्ट्याचं नाव काढलं नाही. सगुणाबाईंनीही आधी मासळीचं विचारलं, सुनेचं विचारलं. मग सरळ म्हणाल्या, नीराबाई, तुम्ही शेवट वाचलेला नाही. तुम्ही तो ऐकलात.

नीराबाईंचा हात सुकटीत तसाच राहिला. मग हात झटकून त्यांनी सांगायला सुरुवात केली. वाचता वाचता होडी उलटली आणि पुढे पानच नव्हतं. जीव खालीवर झाला. सुनेला, प्राप्तीला, सांगितलं, तिने फोनवर शोधून तेवढं शेवटचं लावून दिलं. मग सुकट निवडताना त्यांनी ते ऐकलं. एकदा नाही, दोनदा.

मग त्या दिवशी सांगितलं का नाही, हे विचारावं लागलं नाही. नीराबाईंनी पुढच्या दाराकडे पाहिलं, जिथे गुणाजी बसला होता, आणि आवाज एकदम खाली आणला.

"कागद दिसला का त्याचा हात वलवलतो, बाय. मना वाटला त्यानंच फाडला तंबाखूला. आता नवऱ्याला चार लोकांत चोर म्हनू का? तुमच्यात मी ज्यास्त दिसाची न्हाय. याच्याबरोबर मना ऱ्हायाचा हाय."

सगुणाबाईंना हसू आलं. त्यांनी पुस्तक काढून नीराबाईंच्या हातात दिलं. ही पानं फाडलेली नाहीत, पात्याने कापलेली आहेत, सरळ रेषेत. तुमच्या माणसाने आयुष्यात काही सरळ रेषेत कापलंय का? नीराबाईंनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि दुसऱ्याच क्षणी कपाळाला आठी पडली.

पुस्तक त्यांच्या हाती आलं तेव्हाच पानं नव्हती. मग कापली कुणी?

निघताना सगुणाबाईंची नजर देव्हाऱ्याच्या बाजूच्या फोटोवर गेली. कोवळ्या मिशीचा एक मुलगा. नीराबाईंचा धाकटा भाऊ भिकू. फार वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही. नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ सोडताना नीराबाई अजून त्याच्या नावाने सुखरूप ये म्हणतात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. फोटोला हार नव्हता.

शेवटच्या प्रकरणात काय होतं ते सगुणाबाईंना आठवलं. कांदळवनात अडकलेलं प्रेत. आणि पानं कुणाला नको होती म्हणून कापलेली नव्हती, एका माणसापासून लपवायला कापलेली होती, हे त्यांना तिथे, दारातच, लख्ख कळलं.

५

वाटेत त्या वाचनालयाशी उतरल्या. सुचिताला एवढंच विचारलं की अमिषाने परत दिल्यावर पुस्तक थेट नीराबाईंकडे गेलं का. सुचिता म्हणाली, नाही, कव्हर मळलं होतं म्हणून मधल्या आठवड्यात मास्तर घरी घेऊन गेले होते. नवं कव्हर घालून त्यांनीच आणून दिलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गावातली निम्मी पुस्तकं मास्तरच शिवून द्यायचे.

मास्तर खिडकीशी बसले होते. समोर खळीची वाटी, दोरा, पातं, जुन्या पाठ्यपुस्तकांची चळत. सगुणाबाईंना पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावरसुद्धा असे बसत नसत ते.

सगुणाबाईंनी मनातलं एकेक बाहेर काढलं. पट्टी राखून कापणारा हात बायंडिंग येणाऱ्याचा. कोपरा दुमडला तर आकांत करणारा माणूस प्रकरण कापलं तर जाऊ द्या म्हणतो. पण त्यांना खरं कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. नीराबाई शेवटाबद्दल बोलल्या तेव्हा आम्हां कुणालाच नवल वाटलं नाही. पुस्तक त्यांच्याकडे होतं, त्यांनी वाचलं असणार. नवल फक्त तुम्हाला वाटलं.

"आणि तुम्ही 'कधी वाचलंत' असं विचारलं नाहीत, मास्तर. 'कधी ऐकलंत' असं विचारलंत. नीराबाईंना वाचता यावं म्हणून धडपडलेले तुम्ही, ऐकायच्या पुस्तकांचं नाव काढलं की तोंड फिरवणारे. त्यांनी ते वाचलेलं असूच शकत नाही, हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं."

मास्तर उठले. बायंडिंगच्या लाकडी दाबाखालून त्यांनी एका स्वच्छ कापडात ठेवलेली पानं काढली आणि टेबलावर ठेवली. एकही सुरकुती नव्हती.

मग बोलायला लागले ते थांबेनात. भिकू त्यांचा विद्यार्थी. होडी बेपत्ता झाली तेव्हा नीराबाई धावत त्यांच्याकडे आली होती, आणि काय बोलावं हे न सुचून ते म्हणाले होते, येईल तो, वाट बघ. तेव्हापासून ती वाटच बघतेय. आता तिला वाचायला आपणच लावलं आणि आपल्याच कपाटातलं पुस्तक तिच्या हातात जाणार, ज्यात बहिणीचं प्रेत असं कांदळवनात. ते त्यांना सहन होईना. आधीच पुस्तक बदलायला हवं होतं, पण यादी लागून गेली होती. म्हणून तेवढी पानं काढून ठेवली, कट्ट्याच्या दिवशी तिला आधी बोलू देऊन मग शेवटाचा विषय टाळायचा असा बेत होता. तो सुचिताने पहिल्याच वाक्याला उधळला. आणि चोरीचा आळ आला तेव्हा खरं सांगायचं तर सगळ्यांदेखत तिच्या भावाचं नाव घ्यावं लागणार होतं.

"तिला जपायला गेलो आणि तिलाच चोर ठरवून बसलो. आता तिला कुठल्या तोंडाने सांगू? कोण उरली एवढं तिने कुणाच्या तोंडून ऐकलं असेल, पण ते प्रकरण तिला ठाऊक नाही, एवढंच एक बरं आहे."

"ठाऊक आहे, मास्तर," सगुणाबाई म्हणाल्या. "दोनदा ऐकलंय तिने."

मास्तर पानं पुन्हा कापडात गुंडाळायला लागले होते, ते अर्ध्यावर थांबले.

६

गुरुवारी मास्तर सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. नीराबाईंना सगुणाबाई स्वतः जाऊन घेऊन आल्या. त्या दाराशीच, चपलांजवळ बसल्या. दिनानाथांनी काही बोलायच्या आत मास्तर उभे राहिले आणि वर्गात उत्तर चुकलेल्या पोरासारखे, खाली पाहत, सगळं सांगून मोकळे झाले. कापल्याचं, कशासाठी कापल्याचं, गप्प राहिल्याचं. भिकूचं नावही घेतलं. नियम माझा आहे, म्हणाले, तेव्हा आजपासून मी या खोलीत येणार नाही. नीराबाई, मला क्षमा करा.

दिनानाथ इतके गोरेमोरे झाले की त्यांनी खिशातली सुपारी काढून ती नुसतीच हातात धरली. सुचिता खिडकीबाहेर बघत होती. सगळे नीराबाई काय म्हणतात याची वाट पाहत होते.

नीराबाई उठून पुढे आल्या आणि मास्तरांच्या समोर बसल्या.

"मास्तर, तुमी येईल म्हनालात म्हनून मी वाट न्हाय पाह्यली. त्यो गेला ह्ये मना त्याच दिवशी कललेला. माझी आय जित्ती व्हती, तिच्यासाठी मी येईल येईल म्हनायची. मग आय गेली, पन गावाला सवय झालेली. मी गेला म्हनले असते तं समद्यांना वाईट वाटला असता. तुमाला पन."

मास्तरांनी मान वर केली.

"त्या पुस्तकातल्या बाईला तिची बहीन गावली तरी. तिनं पानी सोडला. मना तोच भाग आवडला. तुमी तोच कापलात." मग जरा थांबून म्हणाल्या, "मना इचारायचा व्हता. कापायच्या आदी मना इचारायचा."

मास्तरांनी कापडातली पानं काढून त्यांच्यासमोर ठेवली.

नियमाचं काय, असं अमिषाने भीत भीत विचारलं. नीराबाईंनीच निकाल दिला. ज्यानं कापलं त्यानं जोडायचं, आत्ताच्या आत्ता, सगळ्यांसमोर. सुचिताने खळ करून आणली. मास्तरांनी एकेक पान त्या पट्टीवर बसवलं. वाळेपर्यंत चहा झाला. मग नीराबाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि बोटाने ओळ धरून ते शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं. अडखळत, जोडाक्षराशी थांबत, पण शेवटपर्यंत. प्रेताच्या जागी आवाज जरा बसला, पुन्हा सावरला.

वाचून झाल्यावर त्यांनी पान उलटून मागे पाहिलं, पुढे पाहिलं. कपाळाला आठी घातली.

"कागदावर तं कलतच न्हाय कोन उरली," त्या म्हणाल्या. "त्या फोनवालीनं मना आदीच सांगून टाकलेला. तुमचा भांडन खरा व्हता."

त्या दिवशी कट्टा अंधार पडेपर्यंत चालला. थोरली की धाकटी यावर एकमत झालं नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. दत्तात्रेय मास्तर कट्ट्यावर येत राहिले, पण नियम सांगायचं काम त्यांनी सोडलं. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी पडून पडून त्यांनी अमिषाकडून ऐकायची पुस्तकं घेतली आणि वाचणाऱ्या बायकांच्या उच्चारांच्या चुका काढत राहिले. दिनानाथांची नवी पोफळ आता धरायला लागली आहे. त्यांनी माडीवर पुन्हा कपाट केलं आणि त्यातलं पहिलं पुस्तक नेऊन नीराबाईंना दिलं. अमिषाने पाहुण्यांच्या खोलीत एक फळी पुस्तकांची ठेवली. ती स्वतः मात्र अजून ऐकतेच. सुचिताचं लग्न होऊन ती तळा गावी गेली आणि तिथे तिने दुसरा कट्टा सुरू केला, तिथली भांडणं म्हणे आणखी मोठी असतात. गुणाजीला आपल्यावर कधी आळ आला होता हे कुणी सांगितलं नाही. सगुणाबाई गुडघ्यांमुळे फारशा हिंडत नाहीत. कट्टाच आता दर गुरुवारी त्यांच्या ओटीवर भरतो.

नीराबाईंनी पुढच्या पितृपक्षात हरिहरेश्वरला जाऊन भावाचं श्राद्ध केलं. मास्तर बरोबर गेले होते. पिंड ठेवून झाल्यावर भटजींनी गेलेल्याचं नाव मोठ्याने घ्यायला सांगितलं, तेव्हा नीराबाईंनी ते घेतलं, स्पष्ट, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं.